नवा संगणक सुरू होत नाही तेव्हा

नवे यंत्र घरात येते तेव्हा त्याच्याबरोबर आनंद येतो, तशी थोडी धाकधूकही येते. शिवणाचे यंत्र असो, पाण्याचा पंप असो, की संगणक असो. पहिल्यांदा कळ दाबताना आपला हात क्षणभर अडखळतोच. यंत्र चालू झाले म्हणजे ती धाकधूक आपण विसरून जातो. पण ते चालू झालेच नाही तर? आज मला बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या प्रसंगाविषयी. बाजारातून सुटे भाग आणून स्वतःच्या हाताने जुळवलेला संगणक पहिल्याच दिवशी मौन धारण करून बसला, तर काय करावे, कोणत्या क्रमाने करावे, आणि काय करू नये, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय मला सुचला तो चेन्नईत. माझी धाकटी बहीण यजमानांच्या नोकरीमुळे बरीच वर्षे तेथे स्थायिक झाली आहे. तिरुवल्लिक्केणी भागात, म्हणजे इंग्रजी अमदानीपासून ज्याला ट्रिप्लिकेन म्हणतात त्या जुन्या वस्तीत, तिचे बिऱ्हाड आहे. तिचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. शाळकरी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या करून त्याने दोन वर्षे पैसे साठवले होते. कमी पडले तेवढे त्याच्या आईने आपल्या भिशीच्या पाळीतून घातले. वडिलांचे मत निराळे होते. एखाद्या कंपनीचा तयार संगणक घ्यावा, म्हणजे पुढे कटकट नाही, असे ते म्हणत. पण मुलाला आपल्या हाताने संगणक जुळवावयाचा होता, आणि त्या वयात तसे वाटणे मला तरी गैर वाटत नाही. मी मे महिन्यात बहिणीकडे गेलो तो नेमका याच वेळी. चेन्नईकर ज्याला 'अग्निनक्षत्रम्' म्हणतात तो कडक उन्हाळ्याचा काळ चालू होता.

चेन्नईत संगणकाचे सुटे भाग म्हटले की रिची स्ट्रीट हे नाव ओघानेच येते. अण्णा सालै, म्हणजे पूर्वीचा माउंट रोड, या हमरस्त्याला लागून असलेली ही अरुंद गल्ली आहे. आपल्याकडे मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता किंवा पुण्याची तपकीर गल्ली ज्यांनी पाहिली असेल, त्यांना निराळे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. हातभर रुंदीची दुकाने, वर तारांचे जाळे, खाली हातगाड्या, आणि पैशा-दोन पैशांएवढ्या रोधकापासून हजारो रुपयांच्या ग्राफिक्स कार्डापर्यंत सर्व काही एकाच गल्लीत. एका शनिवारी संध्याकाळी भाचा तेथून दोन मोठ्या पिशव्या भरून घरी आला आणि जेवण आटोपताच जमिनीवर चटई पसरून कामाला बसला.

रात्री साडेबाराच्या सुमारास त्याने कळ दाबली. पंख्याची पाती जेमतेम अर्धा फेरा फिरली आणि थांबली. पुन्हा दाबली, काहीच झाले नाही. त्यानंतर पहाटेपर्यंत त्याने काय काय केले ते त्याचे त्यालाही नीट सांगता येईना. सकाळी मी चहा घेत असताना तो तांबारलेल्या डोळ्यांनी समोर येऊन बसला आणि म्हणाला, "मामा, एसएमपीएस खराब आहे. त्या दुकानदाराने फसवलं मला." आतल्या खोलीतून त्याच्या वडिलांचे खाकरणे ऐकू आले. ते काही बोलले नाहीत. पण त्या खाकरण्याचा अर्थ आम्हां दोघांनाही कळला.

त्या दिवशी रविवार होता आणि दुकान बंद होते. ही गोष्ट चांगली झाली, असे मला आज वाटते. दुकान उघडे असते तर तो तडक जाऊन भांडला असता. आता सोमवारपर्यंतचा वेळ आमच्या हातात होता. मी त्याला म्हटले, "तक्रार जरूर करू. पण ती कोणाविरुद्ध करावयाची, ते आधी ठरवू."

ते ठरवावयाचे तर संगणक सुरू होतो म्हणजे नेमके काय होते, ते समजून घेतले पाहिजे. आपण कळ दाबतो आणि दिवा लागतो, तितकी ही क्रिया सरळ नाही. ती एक साखळी आहे. भिंतीतल्या खोबणीतून २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह एका पत्र्याच्या पेटीत जातो. ही पेटी म्हणजेच बाजारात ज्याला एसएमपीएस म्हणतात तो वीजपुरवठा. त्या प्रवाहाचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करणे हे तिचे काम. या पेटीची एक बारीकशी धार मात्र, संगणक बंद असतानाही, वाहत असते. ५ व्होल्टची ही धार मदरबोर्डाला जागे ठेवते, जशी घरातली सगळी माणसे झोपली तरी दाराशी गुरखा जागा असतो. आपण दाबतो ती कळ म्हणजे दाराच्या घंटीसारखी असते. ती दोन तारांचा क्षणभर स्पर्श घडवते, एवढेच. तो निरोप मदरबोर्डाला पोचतो, मदरबोर्ड पेटीला सांगतो, आणि मग पेटी आपल्या मुख्य धारा सोडते. त्या धारा स्थिर झाल्या की पेटी 'सर्व ठीक आहे' असा उलट निरोप पाठवते. या सगळ्याला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ सहसा लागत नाही. तो निरोप आल्यावाचून प्रोसेसर आपले काम सुरू करीत नाही.

प्रोसेसर जागा झाल्यावर प्रथम मदरबोर्डावरच्या एका लहानशा चिपमध्ये लिहून ठेवलेल्या सूचना वाचतो. या सूचनासंचाला बायोस म्हणण्याचा प्रघात आहे. त्या सूचनांनुसार तो आपल्या सहकाऱ्यांची हजेरी घेतो. आधी स्वतःची, मग स्मृतीची, म्हणजे रॅमची, त्यानंतर चित्र दाखविणाऱ्या ग्राफिक्सची, आणि शेवटी ज्या साठवणीत कार्यप्रणाली ठेवलेली आहे तिची. हजेरीला जो 'हजर' म्हणणार नाही, त्याच्यापाशी काम थांबते. पुष्कळशा नव्या मदरबोर्डांवर या चौघांच्या नावाचे चार बारीक दिवे असतात, आणि ज्याच्यापाशी गाडी अडली त्याचा दिवा जळत राहतो. काही मदरबोर्डांना लहानसा भोंगा जोडता येतो. तो लांब-आखूड आवाजांनी हीच माहिती देतो. त्या आवाजांची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी असल्यामुळे पुस्तिका मात्र जवळ हवी. ही पुस्तिका खोक्याच्या तळाशी पडून राहते. ती वाचण्याचे अर्ध्या तासाचे कष्ट पुष्कळदा दोन दिवस वाचवतात.

साखळी ध्यानात आली की संगणकाचे मौन एकाच प्रकारचे नसते, हे लक्षात येते. कळ दाबूनही पंखा हलत नाही, दिवा लागत नाही, हे पहिले मौन. त्याचे कारण बहुधा भिंत, दोरी, पेटीच्या पाठीवरचा छोटा खटका, किंवा कळेच्या तारा यांत असते. पंखा किंचित हलून थांबतो, हे दुसरे मौन. येथे पेटी चालू होऊ पाहते, पण काहीतरी बिघाड पाहून स्वतःच माघार घेते. पंखे व्यवस्थित फिरतात, दिवे लागतात, पण पडद्यावर काहीच उमटत नाही, हे तिसरे मौन; ते हजेरीतल्या कोणाच्या तरी गैरहजेरीचे असते. आणि पडद्यावर अक्षरे उमटून 'कार्यप्रणाली सापडत नाही' असे लिहून येते, त्याला तर मौन म्हणताच येत नाही. तेथे यंत्र बोलते आहे, आणि त्यात अजून कार्यप्रणाली बसवलेलीच नाही किंवा साठवणीची जोडणी सैल आहे, इतकेच त्याचे म्हणणे असते. तेव्हा पहिला प्रश्न हा की, आपल्या यंत्राचे मौन यांपैकी कोणते? पंखा फिरला म्हणजे यंत्र जिवंत आहे, असे पुष्कळजण समजतात. पंख्याला फिरण्यासाठी १२ व्होल्ट पुरतात. त्यासाठी प्रोसेसर चालू असावाच लागतो असे नाही.

आमचे मौन दुसऱ्या प्रकारचे होते. मी भाच्याला एक कोरा कागद घेण्यास सांगितले आणि एकच नियम घातला. एका वेळी एकच बदल करावयाचा. काय बदलले आणि काय घडले ते लिहावयाचे. मगच पुढे जावयाचे. रात्री त्याने रॅमच्या पट्ट्या हलवल्या, तारा बदलल्या, ग्राफिक्स कार्ड काढून घातले, आणि हे सर्व एकदमच केले. अशा वेळी यंत्र चालू झाले असते तरी कशाने झाले ते कळले नसते, आणि नव्याने काही बिघडले असते तर तेही कळले नसते.

आरंभ भिंतीपासून केला. त्याच खोबणीत टेबलावरचा दिवा लावून पाहिला, लागला. मग जोडपट्टी, म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड, तपासला. वीज येत होती. पण टेस्टर व मल्टिमीटर लावल्यावर त्याचे अर्थिंग मेलेले आढळले. संगणकाच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात अशी तक्रार आपल्याकडे अनेक घरांत ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा येथे असते. आमच्या यंत्राच्या मौनाचे हे कारण नव्हते. तरी कागदावर नोंद केली आणि दोरी सरळ भिंतीत लावली.

पुढची पायरी कळेची. कॅबिनेटच्या दर्शनी कळेपासून दोन बारीक तारा मदरबोर्डाच्या कोपऱ्यातल्या काट्यांवर बसवावयाच्या असतात. हे काटे इतके लहान आणि इतके शेजारी-शेजारी असतात की, नवशिक्याची चूक येथे सहज होते. आम्ही त्या तारा काढून टाकल्या आणि पुस्तिकेत पाहून नेमक्या दोन काट्यांना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर स्पर्श केला. पंखा पुन्हा तसाच अर्धा फेरा फिरून थांबला. म्हणजे कळ निर्दोष ठरली. येथे एक सूचना करून ठेवतो. असा बिघाड पाहून पेटी एकदा बंद झाली की ती पुष्कळदा अडून बसते. मागचा खटका बंद करून मिनिटभर थांबल्याशिवाय ती पुन्हा प्रयत्न करीत नाही. रात्री भाच्याने दुसऱ्यांदा कळ दाबली तेव्हा काहीच झाले नाही, ते यामुळे.

त्यानंतर ओझे कमी करण्यास सुरुवात केली. ग्राफिक्स कार्ड काढले, फरक नाही. साठवण काढली, फरक नाही. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली, मग दुसरी लावून पहिली काढली, फरक नाही. मदरबोर्डाला वीज दोन वाटांनी येते. एक २४ काट्यांची रुंद जोडणी, आणि दुसरी प्रोसेसरच्या शेजारची, बहुधा ८ काट्यांची. ही दुसरी जोडणी कोपऱ्यात असते आणि ती विसरली जाणे ही नव्या जुळणीतील अत्यंत सामान्य चूक आहे. भाच्याने ती विसरली नव्हती. आम्ही मुद्दाम ती काढून पाहिली. तरीही पंख्याची तीच अर्धवट हालचाल. म्हणजे बिघाड प्रोसेसरच्या वाटेवर असण्याचा संभव कमी झाला.

आता संशय फिरून पेटीवर आला, आणि भाच्याचा चेहरा थोडा उजळला. त्याच्या मजल्यावर राहणाऱ्या एका मित्राने आपल्या चालू संगणकाची पेटी तासाभरासाठी काढून दिली. पेटीबरोबर तिच्याच तारा आणावयास मी आवर्जून सांगितले. काही पेट्यांच्या तारा सुट्या करता येतात आणि त्यांची टोके एकमेकींसारखी दिसतात. पण एका कंपनीच्या पेटीत दुसऱ्या कंपनीची तार लावली तर १२ व्होल्ट भलत्याच ठिकाणी जाऊन चांगले भाग जळू शकतात. मित्राची पेटी जोडली, काट्यांना स्पर्श केला, आणि पंखा अर्धा फेरा फिरून थांबला.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने कागदावर लिहिले : 'एसएमपीएस निर्दोष.' सकाळी ज्याच्यावर त्याने फसवणुकीचा आरोप केला होता, त्या माणसाने दिलेली पेटी चांगली होती. "मग मदरबोर्ड असेल खराब," तो हळूच म्हणाला. मी म्हटले, "असेल. पण अजून एक गोष्ट पाहायची राहिली आहे. तू या भागांना जिथे बसवलं आहेस ती जागा."

मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये थेट पत्र्यावर ठेवीत नाहीत. त्याच्या पाठीवर शेकडो झाळलेले सांधे उघडे असतात. ते पत्र्याला टेकले तर वीज भलत्या वाटेने वाहील. म्हणून पत्र्यात आधी पितळी खुंट्या बसवतात आणि मदरबोर्डातली छिद्रे त्या खुंट्यांवर आणून स्क्रू आवळतात. छिद्राभोवतीची जागा यासाठी मोकळी सोडलेली असते. आम्ही सगळे स्क्रू काढले, मदरबोर्ड अलगद उचलला आणि तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला होता त्याच कोरड्या खोक्यावर ठेवला. त्यावर प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी, एवढेच ठेवले. त्याचीच पेटी जोडली. काट्यांना स्पर्श केला.

पंखा फिरू लागला आणि फिरत राहिला.

भाच्याने कॅबिनेट उजेडाकडे नेले. पत्र्यावर नऊ खुंट्या होत्या. मदरबोर्डाला छिद्रे आठच होती. कॅबिनेटच्या पत्र्यात लहान-मोठ्या सर्व मापांच्या मदरबोर्डांसाठी आटे पाडलेले असतात. मध्यरात्री, झोपेच्या भरात, त्याने एक खुंटी भलत्याच आट्यात बसवली होती. ती नववी खुंटी मदरबोर्डाच्या पाठीवरच्या सांध्यांना टेकत होती. कळ दाबताच तेथून प्रवाह पत्र्यात जाऊ लागे, पेटीला ते तत्काळ कळे, आणि ती स्वतःला बंद करून घेई. ज्या वागण्याला आम्ही बिघाड म्हणत होतो, ते खरे पाहता रक्षण होते. पेटी हलक्या प्रतीची असती आणि तिने तसाच प्रवाह रेटला असता, तर दोन वर्षांच्या शिकवण्यांचा आणि आईच्या भिशीचा मदरबोर्ड त्या रात्रीच जळून गेला असता.

येथे गोष्ट संपली असे आम्हांला वाटले; पण आणखी एक धडा शिल्लक होता. नववी खुंटी काढून सर्व भाग पुन्हा कॅबिनेटमध्ये बसवले, मॉनिटर जोडला, कळ दाबली. पंखे फिरले, पडदा काळाच. म्हणजे आता तिसरे मौन. अर्धे मिनिट गेले, एक मिनिट गेले. भाच्याचा हात खटक्याकडे गेला. मी तो अडवला. डीडीआर-५ या अलीकडच्या जातीची रॅम पहिल्यांदा लावल्यावर मदरबोर्ड तिच्याशी जुळवून घेण्यासाठी वेगवेगळे वेग आणि वेळा तपासून पाहतो. हे काम कधी कधी काही मिनिटे चालते आणि तेवढा वेळ पडद्यावर काहीही येत नाही. उतावळा माणूस मध्येच वीज तोडतो, आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आम्ही घड्याळाकडे पाहत बसलो. तिसरे मिनिट सरता सरता पडद्यावर कंपनीचे चिन्ह उमटले. बहीण स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, आणि तिच्या मागोमाग यजमानही आले.

हे तिसरे मौन अधिक काळ टिकले असते, तर काय पाहावयाचे ते सांगतो. मॉनिटरची तार कोठे लावली आहे ते प्रथम पाहावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर तार त्या कार्डाला लावली पाहिजे. नवशिके ती सवयीने मदरबोर्डाला लावतात. कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये चित्र दाखविण्याची सोय आहे का, ते पाहावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर येते, त्यांत ही सोय नसते. मग रॅमकडे वळावे. पट्टी बसल्यासारखी दिसते, पण पुरती बसलेली नसते. दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन खटका बसल्याचा आवाज ऐकावा. चार खाचा असतील तर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवावयाच्या असतात. चेन्नई-मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरांत जुन्या पट्ट्यांची सोनेरी टोके खाऱ्या दमट हवेने मळतात, आणि गल्लीतले कारागीर ती खोडरबराने हलकेच पुसतात. हा उपाय जुन्या पट्टीला ठीक आहे. नव्या पट्टीला त्याची गरज नसते. कधी मदरबोर्ड प्रोसेसरच्या आधी तयार होऊन गोदामात पडून राहिलेला असतो, आणि त्याच्या बायोसला नव्या प्रोसेसरची ओळखच नसते. अशा वेळी बायोस नवे करून घ्यावे लागते. काही मदरबोर्डांवर यासाठी खास कळ असते, नाही तर दुकानदार ते करून देतो. आणि यंत्र सुरू होऊन थोड्याच वेळात तापून बंद पडत असेल, तर प्रोसेसरवरच्या थंडकाच्या तळाला चिकटवलेली पारदर्शक पट्टी काढावयाची राहिली आहे का, ते पाहावे. मे महिन्यातल्या चेन्नईत ही चूक फार लवकर उघडकीस येते.

काही पथ्ये मात्र सर्वांनीच पाळली पाहिजेत. कोणताही भाग काढण्या-घालण्यापूर्वी वीज तोडावी आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थितिज वीज उतरवावी. प्रोसेसरच्या किंवा त्याच्या खाचेच्या काट्यांना बोट लावू नये. वाकलेल्या काट्यांची जबाबदारी हमीपत्रात सहसा धरीत नाहीत. आणि एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नये. भिंतीतून दोरी काढली तरी तिच्या आतल्या संधारकांत प्राणघातक वीज काही काळ साठून राहते. ती पेटी तपासण्याची घरगुती रीत एकच, आणि ती म्हणजे दुसरी चांगली पेटी लावून पाहणे.

ही सगळी पद्धत काही नवी नाही. भारतात पहिला मोठा अंकीय संगणक बांधला गेला तो मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. त्या कामाचे नेतृत्व करणारे आर. नरसिंहन यांचा जन्म मात्र १९२६ साली मद्रासचा, म्हणजे आजच्या चेन्नईचा. त्या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० डायोड आणि १२,५०० रोधक होते. इतक्या भागांच्या यंत्रात एक सैल सांधा शोधावयाचा म्हणजे काय, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. त्या मंडळींनी सबंध यंत्र एकदम उभारून कळ दाबली नाही. त्यांनी आधी एक लहान नमुना-यंत्र बांधले. ते १९५६ साली चालू झाले. त्यावर खात्री करून घेतल्यावर मोठ्या यंत्राची उभारणी केली आणि ते १९६० साली कामाला लागले. १९६२ साली त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. थोडक्यातून सुरुवात करावी, ते चालते अशी खात्री करावी, मग त्यावर एकेक भर घालावी, हा त्यांचा क्रम. आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यावर केले ते याहून निराळे नव्हते.

नव्या यंत्रात एखादा भाग जन्मतःच सदोष असतो, हेही खरे आहे. तसे निघाले तर दुकानदाराकडे जावे, पावती आणि खोकी जपून ठेवलेली असावीत, आणि आपण काय काय तपासले तो कागद त्याच्यापुढे ठेवावा. असा कागद पाहिल्यावर जाणता दुकानदार वाद घालीत नाही. पण नव्या जुळणीतल्या बिघाडाचे मूळ पुष्कळदा भागांत सापडत नाही. ते दोन भागांच्या जोडात सापडते, आणि जोड आपण केलेला असतो. म्हणून दुसऱ्याला दोष देण्याआधी आपल्या हाताचे काम एकदा उजेडात धरून पाहावे.

सोमवारी सकाळी भाचा रिची स्ट्रीटला गेला. चांगल्या अर्थिंगची जोडपट्टी आणावयाची होती. मीही बरोबर होतो. तो त्याच दुकानात गेला. दुकानदाराने त्याला ओळखले आणि तमिळमध्ये काहीतरी विचारले. भाच्याने हसून उत्तर दिले आणि पैसे मोजले. बाहेर आल्यावर मी विचारले, "काय म्हणत होता?"

"संगणक कसा चालला आहे, असं विचारत होता," भाचा म्हणाला. "मी सांगितलं, चांगला चालतो. एक खुंटी जास्त बसवली होती, तेवढी माझी चूक."